मदत हवी आहे: आईची डिमेन्शियाची टेस्ट मराठीतून कशी करून घ्यायची?
आई ७४ ची, दीड वर्षापूर्वी तिला इकडे परदेशात आमच्याकडे आणलं, विसरणं आधीपासून होतंच पण आता फारच वाढलंय, रात्री उठून दाराची कडी चाचपडत उभी राहते, "घरी जायचंय" म्हणते. डॉक्टरांनी एमएमएसई (स्मरणशक्ती वगैरे तपासायची प्रश्नांची टेस्ट) इंग्रजीतून घेतली, ३० पैकी ११ गुण. अहो, तिचं इंग्रजीच गेलंय, नंतर शिकलेली भाषा या आजारात बरेचदा आधी जाते ना! मराठीत विचारलं की वार बरोबर सांगते. रुडास नावाची टेस्ट आहे, ऑस्ट्रेलियात वेगवेगळ्या भाषांच्या लोकांसाठी बनवलेली, ती दुभाष्यामार्फत कोणी करून घेतलीय का? मीच भाषांतर केलं तर नकळत उत्तर सुचवलं जाईल अशी भीती वाटते. प्लीज अनुभव सांगा.