लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट लॅपटॉपवर घेतोय, चित्र ब्लॅक अँड व्हाइट येतंय आणि आवाज मागे पडतोय

माळ्यावरचा_खजिना:
नमस्कार मंडळी. गावच्या घराचा माळा आवरताना पाच कॅसेट सापडल्या. एक आईबाबांच्या लग्नाची 1993 ची, एक माझ्या मुंजीची, बाकीच्यांवर लेबलच नाहीये. काकांचा व्हीसीआर अजून चालतो म्हणून ते स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर डोंगल मागवलं, पिवळी-पांढरी-लाल वायर जोडली आणि ओबीएस (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) चालू केलं. तर चित्र ब्लॅक अँड व्हाइट आणि मधेच वर सरकतं, टीव्हीवर तीच कॅसेट मस्त रंगीत दिसते. अर्धा तास रेकॉर्ड केला तर आवाज इतका मागे पडला की अक्षता टाकून लोक पंगतीला बसले तरी भटजींचं सावधान चालूच 😅. अजून एक, मुंजीच्या कॅसेटच्या खिडकीतून पांढरी पावडर दिसतेय, तशीच लावली तर चालेल का? डिसेंबरात आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस आहे, अडीच तासांचं वीस मिनिटांत बसवायचंय. पंगत वगैरे काढूनच टाकणार आहे.

रीळवेडा:
रंग जाण्याचं कारण बहुतेक सेटिंग. आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम, आणि ही डोंगलं बऱ्याचदा एनटीएससी या अमेरिकेकडच्या पद्धतीवर सेट असतात. ओबीएसमध्ये त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पाल बी निवड, रिझोल्यूशन 720 बाय 576. चित्र 4:3 च ठेव, टीव्हीभर ताणू नकोस, नाहीतर सगळी वऱ्हाडी मंडळी जाडी दिसतात.
आवाजाचं म्हणशील तर जुन्या टेपचा सिग्नल हलता असतो, डोंगल मधल्या फ्रेम गाळतं, चित्र पुढे जातं आणि आवाज मागे राहतो. डोंगल हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लाव आणि वीस-वीस मिनिटांचे तुकडे घे. कोणाकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडला असेल तर व्हीसीआरची वायर आधी त्यात घालून मग डोंगलला दे, बरेचसे रेकॉर्डर सिग्नल सावरतात. माझं तरी त्यानेच सुटलं.

कोकणातला_पाऊस:
थांब, ती मुंजीची कॅसेट अजिबात लावू नकोस!! ती पावडर म्हणजे बुरशी, आमच्याकडच्या दमट हवेत माळ्यावर ठेवलं की धरतेच. मी तशीच लावली होती, व्हीसीआरच्या हेडला (टेप वाचतो तो भाग) बुरशी लागली आणि पुढच्या दोन चांगल्या कॅसेटमध्येही गेली, शिवाय टेप गुंडाळली गेली ती वेगळीच. आधी चांगल्या कॅसेट उरकून घे, ही प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळी ठेव. साफ करायची झाली तर खालचे पाच स्क्रू काढले की उघडते, पण नाकाला मास्क लाव आणि पहिला हात टाकाऊ कॅसेटवर बसव. हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस नको, त्याचे धागे अडकतात. आणि उभं घासायचं नाही, हेड मोडतं. नवा व्हीसीआर आता कुठून आणणार, शेवटची फुनाई कंपनी होती तिनेही 2016 मध्ये बनवणं थांबवलं.

रीळवेडा:
+1, बुरशीचं मी वाचलंच नव्हतं.

सासवडची_सून:
मी वेगळं सांगते. कापाकापी वाढदिवसाच्या फाइलपुरती कर, मूळ कॅप्चर अख्खं ठेव, दोन हार्ड डिस्कवर. लॉसलेस, म्हणजे दर्जा अजिबात न घटवता, घेतलंस तर तासाला 25-30 जीबी जातात, जाऊ देत. हात हलवताना कंगव्यासारख्या रेघा दिसतील, त्या हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस (त्या रेघा काढायची सोय) करताना बॉब हा पर्याय निवडलं की जातात, हालचाल पण छान येते. खाली तळाला जी थरथरती पट्टी दिसते ती व्हीएचएसची असतेच, तिच्यावर काळी पट्टी टाक. तो चित्र मोठं-स्पष्ट करणारा एआयवाला अपस्केल मात्र नको, आमच्या आत्याचा चेहरा मेणाचा करून ठेवला त्याने.
आणि पंगत काढू नकोस रे बाबा. लग्न लागतानाचे फोटो अल्बममध्ये असतातच, पण वाढायला कोण होतं, कोण कोणाला आग्रह करतंय ते फक्त पंगतीत. आमच्या घरात आजोबा बोलताना फक्त तिथेच आहेत, ते पण "मठ्ठा इकडे आणा" एवढंच.

माळ्यावरचा_खजिना:
पाल बी केलं आणि रंग आले! शेजाऱ्यांकडे डीव्हीडी रेकॉर्डर निघाला, आता सावधान वेळेवर होतंय. पंगत पाहिली. आजी उखाणा घेतेय, पण त्या मिक्सिंगवाल्याने वर पिक्चरचं गाणं चढवलंय आणि कोपऱ्यात बदामाच्या फ्रेममध्ये आईबाबा गोल फिरतायत. ओठ हलताना दिसतात, शब्द काहीच नाही. गाणं काढता येतं का सॉफ्टवेअरने?

सासवडची_सून:
मिक्सिंग करताना मूळ आवाज ठेवलाच नसेल तर तो त्या टेपवर नाहीच, काढणार कुठून. पण तेव्हा शूटिंग एका कॅसेटवर व्हायचं आणि मिक्सिंग करून दुसरी द्यायचे. ती पहिली, साधी कॅसेट काही लोक मागून घ्यायचे. तुझ्या बिनलेबलच्या बघितल्यास का?

माळ्यावरचा_खजिना:
एकीत क्रिकेटची मॅच आहे. दुसरी आत्ता लावलीय, पहिली दहा मिनिटं नुसता मांडव आणि थर्माकोलची अक्षरं चिकटवणारा मामा, गाणं-बिणं काही नाही. पुढे ढकलत नाहीये, पूर्ण रेकॉर्ड करतोय. पंगत आली की सांगतो.