प्लेन टायगर की डॅनेड एगफ्लायची मादी? मागच्या पंखावरील ठिपक्यांविषयी

प्रश्न (बेलापूर, नवी मुंबई)

नमस्कार. आमच्या घराजवळच्या धारण तलावाच्या बांधावर रुईची बरीच झुडपे आहेत आणि पाऊस ओसरू लागला की तिथे प्लेन टायगर फुलपाखरांची सतत ये-जा असते. गेल्या रविवारी सकाळी मी तासाभरात दोन फुलपाखरांची छायाचित्रे घेतली. दोन्हींचे पंख नारिंगी-तपकिरी, पुढच्या पंखांची टोके काळी आणि त्यांवर तिरपा पांढरा पट्टा, त्यामुळे दोन्ही एकाच जातीची आहेत असे मी धरून चालले होते. घरी येऊन छायाचित्रे मोठी करून पाहिली तेव्हा एकाच्या मागच्या पंखावर मधल्या भागात तीन काळे ठिपके दिसले, तर दुसऱ्याच्या पंखावर वरच्या कडेजवळ एकच. पंख झिजल्यामुळे उरलेले दोन ठिपके पुसले गेले असतील, की हे फुलपाखरूच वेगळे आहे? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (ठाणे, घोडबंदर रस्ता)

ताई, तुमचे दुसरे फुलपाखरू डॅनेड एगफ्लायची मादी आहे. आपण सगळेच सवयीने आधी पुढच्या पंखाचे काळे टोक आणि पांढरा पट्टा पाहतो, आणि नेमकी तीच खूण या दोघींत सारखी असल्यामुळे फसगत होते. ओळख पटवायची ती मागच्या पंखावरून. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधल्या भागात तीन ठिपके असतात. नराला त्यांच्या खाली आणखी एक मोठा, मधोमध पांढुरका डाग असतो. ती त्याची गंधपेशींची जागा होय. एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेशी एकच ठिपका असतो आणि तिच्या पंखाची कड किंचित दंतुर दिसते.

झिजण्याबद्दलची तुमची शंका रास्त आहे, परंतु पंख झिजतो म्हणजे त्याच्यावरचे खवले गळतात आणि ती जागा फिकट, कधी कधी आरपार दिसेल अशी होते. डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही पंखांवर नेमके तेच दोन ठिपके जाऊन त्यांच्या जागी ताजा नारिंगी रंग उरला, असे झिजण्याने घडत नाही. छायाचित्रात ती जागा पुन्हा एकदा निरखून पाहा.

प्लेन टायगरची अळी रुईच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढते, त्यांच्या चिकातली विषारी द्रव्ये अंगात साठवते आणि त्यामुळे फुलपाखरूही पक्ष्यांना नकोसे होते. एगफ्लायच्या अंगात ते विष नाही, पण प्लेन टायगरसारख्या रंगरूपामुळे तिची मादी वाचते. हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांचा अभ्यास करून १८६२ मध्ये अशा नकलेचा उलगडा मांडला, म्हणून तिला बेट्सियन नक्कल म्हणतात. नक्कल फक्त मादी करते. नर मखमली काळा असतो, त्याच्या प्रत्येक पुढच्या पंखावर दोन आणि मागच्या पंखावर एक असे पांढरे डाग असतात आणि त्यांच्या कडांना जांभळी झाक असते. जोडी एकत्र दिसली तरी ती एकाच जातीची आहे यावर पटकन विश्वास बसत नाही.

प्रतिसाद २ (ठाणे, येऊरचा पायथा)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. येऊरच्या वाटेवर कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या माद्यांबाबत माझी अशीच अडचण होत असे. त्याच्या मादीचे एक रूप कॉमन रोज आणि दुसरे क्रिमसन रोज या फुलपाखरासारखे असते. पंखांवरचे लाल-पांढरे डाग मोजत बसण्यापेक्षा मी आता थेट धड पाहतो: रोजचे धड लालभडक असते आणि मॉरमॉनचे काळे. रंगाची नक्कल मॉरमॉनने पंखांपुरती साधली आहे, धडाला ती जमलेली नाही.

एक विनंती मात्र मनापासून करतो. खात्रीसाठी जाळीने पकडू नका आणि पंख चिमटीत धरू नका, कारण एकदा निघालेले खवले पुन्हा येत नाहीत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत डॅनेड एगफ्लायचे नाव आहे. पंख उघडे आणि मिटलेले अशी दोन छायाचित्रे मिळाली की ओळखीला पुरेशी होतात.

प्रतिसाद ३ (खारघर)

फुलपाखरू नीट बसलेच नाही तर ते कोणत्या झाडाभोवती घुटमळते ते पाहावे. मादी रुईच्या किंवा हळदीकुंकवाच्या पानांवर अंडी घालत असेल तर ती प्लेन टायगर. आपण भाजी करतो त्या घोळीवर घालत असेल तर एगफ्लाय असण्याची शक्यता अधिक. अळ्यांत तर गल्लत होणेच नाही. प्लेन टायगरच्या अळीवर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि मऊ शिंगांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. एगफ्लायची अळी काळसर, अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांची असते.

मूळ प्रश्नकर्ती (बेलापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. छायाचित्र पुन्हा पाहिले. दोन्ही पंखांवर, जिथे ठिपके हवे होते तिथे रंग अगदी अखंड आहे आणि पंखाच्या कडाही दंतुर आहेत. आज सकाळी बांधावर पुन्हा गेले होते. रुईच्या झुडपांपासून काही पावलांवर, दगडांच्या फटीत घोळ पसरलेली आहे आणि तिच्या वरच्या बाजूला वाळलेल्या काटकीवर काळा नर पंख उघडून बसला होता. एखादे फुलपाखरू जवळून गेले की तो त्याच्या मागे धावे आणि फिरून त्याच काटकीवर येऊन बसे. त्याचे छायाचित्र सोबत जोडत आहे.