शिकागोहून यलोस्टोन: आई-बाबांसह ट्रेलर ओढत जाणे योग्य ठरेल का?

रानवाट (नेपरव्हिल, इलिनॉय)
नमस्कार. जुलैमध्ये पुण्याहून आई-बाबा येत आहेत. त्यांना आणि दोन्ही मुलांना घेऊन, म्हणजे एकूण सहाजणांनी, दोन आठवडे आय-९० या महामार्गाने साउथ डकोटातील बॅडलँड्स आणि तेथून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान असा प्रवास करण्याचा विचार आहे. बाबांना पथ्याचे जेवण लागते आणि आईला रात्री दोन-तीनदा उठावे लागते, म्हणून स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह असलेला ट्रेलर भाड्याने घ्यावा असे वाटते. आमच्या एसयूव्हीची ओढण्याची क्षमता ५,००० पौंड आहे. पाहिलेल्या ट्रेलरचे रिकामे वजन ३,९०० पौंड असून भरल्यावरची मर्यादा ४,८०० पौंड आहे. आकडा ५,००० च्या आत असल्याने काळजी नको, असे ट्रेलरच्या मालकाचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? यलोस्टोनमध्ये मुक्काम कोठे करावा?

घाटमाथा (डेन्व्हर)
५,००० हा आकडा गाडी किती ओढू शकते एवढेच सांगतो. किती पेलू शकते ते सांगत नाही, आणि सहाजणांच्या प्रवासात खरा प्रश्न पेलण्याचाच असतो. ट्रेलरच्या भरल्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार हिचच्या (ट्रेलर अडकवण्यासाठी गाडीच्या मागे असलेल्या जोडणीच्या) गोळ्यावर, म्हणजे तुमच्या गाडीवर पडतो, आणि तो पडलाच पाहिजे. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही: गाडी उलाळ, म्हणजे मागे जड, भरली की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पाण्याचे कॅन आणि पिठा-तांदळाचे डबे मागच्या बाजूला रचून ट्रेलर उलाळ भरला, तर शेजारून मोठा ट्रक जाताच तो शेपटासारखा डोलू लागतो. साउथ डकोटाच्या मोकळ्या माळावर तर आडवा वाराही असतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते. प्रवासी आणि सामान मिळून किती वजन चालेल, तो आकडा तिच्यावरून वाचून येथे लिहावा. हिचवर छापलेली मर्यादाही पाहावी.

रानवाट
पट्टीवर १,३४० पौंड आहे, हिचवर ५००.

घाटमाथा
मग हिशेब मांडू. ४,८०० चे १२ टक्के म्हणजे ५७६ पौंड; हिचची मर्यादा येथेच ओलांडली गेली. मुलांसह सहाजणांचे वजन साधारण ७२० धरले आणि भार पुढच्या-मागच्या चाकांवर विभागणाऱ्या हिचचे ७०, तर बेरीज १,३६६ होते. अजून एकही बॅग ठेवलेली नाही. या गाडीने हा ट्रेलर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आई-बाबांना ट्रेलरमध्ये बसवून गाडीतले वजन कमी करण्याचा विचारही करू नये; बहुतेक राज्यांत चालत्या ट्रेलरमध्ये माणसे बसवणे बेकायदेशीर आहे. एक तर सहा आसनांची मोठी पिकअप मिळवावी (तिचीही पट्टी वाचावी, कारण एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांमध्ये शेकडो पौंडांचा फरक असतो), किंवा पार्कबाहेर वेस्ट यलोस्टोनसारख्या गावातील कॅम्पग्राउंडवर ट्रेलर आणून लावून देणारा मालक शोधावा.

तांबडी माती (सिअॅटल)
मुक्कामाविषयी लिहिते. यलोस्टोनच्या कॅम्पग्राउंडांपैकी फक्त फिशिंग ब्रिज येथे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी, तिन्ही मिळतात. आईंना रात्री उठावे लागत असेल तर दुसरीकडे पाहूच नये, कारण जोडणी नसेल तेथे सहाजणांच्या वापराने ३० गॅलनची सांडपाण्याची टाकी एक-दोन दिवसांत भरते. तो भाग ग्रिझली अस्वलांच्या वावराचा असल्याने तेथे तंबू किंवा कापडी भिंतींचे ट्रेलर चालत नाहीत. स्वयंपाक झाल्यावर फोडणीची कढई, कुकर, अगदी तेलाची बुधलीसुद्धा आत न्यावी आणि भांडी विसळलेले पाणी बाहेर फेकू नये.

तेथील उंची सुमारे ७,८०० फूट आहे. पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी मधोमध दाणा राहतो. कुकर घरूनच न्यावा. जुलैतही पहाटे पारा शून्याजवळ जाऊ शकतो. आई-बाबांसाठी लोकरी टोप्या आणि जाड रजई हवीच. ट्रेलरची जोडणी ३० अँपिअरची असेल तर एकूण ३,६०० वॉट मिळतात, तेव्हा वातानुकूलन, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन शेगडी एकाच वेळी लावू नये.

वाटेत बिगहॉर्न पर्वत ओलांडताना १४-ए हा तीव्र उताराचा रस्ता टाळून बफेलोहून टेन स्लीपकडे जाणारा यूएस-१६ घ्यावा. कस्टर स्टेट पार्कमधील नीडल्स हायवे पाहायचा असल्यास ट्रेलर कॅम्पग्राउंडवरच सोडावा. तेथील एक बोगदा जेमतेम ८ फूट रुंद आहे.

पाऊलखुणा (मिनिआपोलिस)
टायरची तारीख पाहिल्याशिवाय ट्रेलर ताब्यात घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती. दोन वर्षांपूर्वी साउथ डकोटातील मिचेल गावाच्या अलीकडे आमच्या भाड्याच्या ट्रेलरचा टायर भर दुपारी फुटला. सुटलेल्या पट्ट्याने चाकावरचा पत्रा फाडला आणि सासूबाईंना दीड तास रस्त्याकडेच्या गवतात, उन्हात बसावे लागले. टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण कडेवर, डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी, २३१४ असे चार आकडे होते: २०१४ सालचा तेविसावा आठवडा. ऊन खाऊन रबर आतून मेलेले होते. बऱ्याच ट्रेलर-टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते. आय-९० वर पाटी ८० ची असली तरी आपण उजव्या मार्गिकेतच राहावे. दिवसाला ३०० मैलांहून अधिक जाऊ नये, म्हणजे उजेडात पोहोचून ट्रेलर समतल लावता येतो.

रानवाट
सर्वांचे मनापासून आभार. दीर त्यांची पिकअप देण्यास तयार आहेत. सहा आसने आहेत, दारावरील आकडा १,८६० आहे आणि हिचची मर्यादा भार विभागणाऱ्या जोडणीसह १,००० पौंड आहे. वरचा हिशेब वजा करता सामानासाठी ४९४ पौंड उरतात. कोणीतरी आरक्षण रद्द केल्यामुळे फिशिंग ब्रिजच्या चार रात्रीही काल मिळाल्या. ट्रेलरच्या मालकाकडे चारही टायरांच्या आकड्यांची छायाचित्रे मागितली आहेत. ती आली की येथे लिहीन.