मदत हवी आहे: पाळी गेल्यानंतर झोप उडाली, शिथिलीकरणाचा व्यायाम जमत नाही

रेवती_इंदिरानगर
रात्री तीनला डोळे उघडतात ते उघडतातच. दिवसभर अंगात त्राण नाही, बँकेत जेवणाच्या सुट्टीनंतर स्क्रीनवरचे आकडे नाचायला लागतात. फिजिओने झोपताना करायला व्यायाम दिलाय: पायाच्या बोटांपासून एकेक अवयव आवळायचा आणि सोडायचा. करतेय, पण उलट टक्क जाग येते आणि पोटरीत गोळा येतो. नक्की कसा करायचा? नाशिकमध्ये कोणी शिकवतं का? कृपया "डॉक्टरांना दाखवा" एवढंच लिहू नका, दाखवलंय. गरम दूधही पिऊन झालंय.

पांथस्थ
वय? पाळी जाऊन किती दिवस झाले? झोप लागतच नाही की मोडते?

रेवती_इंदिरानगर
तीनला डोळे उघडतात हे पहिल्याच ओळीत आहे. वय ५१, पाळी जाऊन दीड वर्ष.

सातपूरकर
इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून या. फी नाही, घरापासून तासाभरावर. मी आलो तेव्हा माणूस बदलून आलो. या फुटकळ व्यायामांनी काही होत नाही.

मीना_कॉलेजरोड
अहो, तिथे पहाटे चारला घंटा होते. तीनला उठून बसणाऱ्या बाईला चारच्या घंटेचं काय कौतुक? आणि बँकेत दहा दिवस रजा तुम्ही देणार का?

सातपूरकर
रजा काढायची इच्छा असली की निघते.

मीना_कॉलेजरोड
पुरुषांची निघते.

गोल्फक्लब_वॉकर
रोज गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पाच फेऱ्या मारा, झोप हमखास. माझ्या सासऱ्यांनाही झोप येत नव्हती, त्यांनी गादी बदलली. कापसाची घेतली. दुकानाचं नाव हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रेवती_इंदिरानगर
गादी ठीक आहे हो. व्यायामाबद्दल कोणी सांगेल का?

निवृत्त_सिस्टर
सांगते. जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२० च्या दशकात मांडलेली पद्धत आहे ही. आवळायचं म्हणजे जीव खाऊन नाही, निम्म्या ताकदीने पाच-सात सेकंद. मग एकदम सोडायचं आणि वीस-तीस सेकंद काहीच करायचं नाही, फक्त तो भाग कसा जड होतो ते बघायचं. बहुतेक जण इथेच घाई करतात. खरा व्यायाम सोडण्यात आहे.

पोटरीत गोळा येतो, म्हणजे पाऊल खाली ताणत असणार. बोटं नडगीकडे ओढा. श्वास कोंडू नका, बीपी असेल तर मुळीच नाही. आणि सुरुवातीला रात्री करूच नका. दोन आठवडे संध्याकाळी खुर्चीत बसून शिका. अंगवळणी पडलं की मग अंथरुणात. तीन वाजता "आता झोप यायलाच हवी" म्हणून आवळत बसलात तर जाग येणारच. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा.

आता मला सांगा: तीनला घाम येतो का? घोरता का? गोळ्या कुठल्या चालू आहेत?

वामनराव_पंचवटी
हे सगळं आपल्या शवासनात आधीपासून आहे. अमेरिकेचं नाव आलं की आपल्याला पटतं.

निवृत्त_सिस्टर
शवासनात आवळणं नसतं, काका. ज्यांना अंग ताठलेलं आहे हेच कळत नाही, त्यांना आधी आवळून दाखवावं लागतं. ज्यांना कळतं त्यांनी खुशाल शवासन करावं, भांडण नाही. योग विद्या धाम तर नाशिकचंच आहे, रेवतीताई, तिथल्या वर्गांची चौकशी करा.

रेवती_इंदिरानगर
घाम तर येतोच, मान आणि उशी ओली होते. या वयात येणारच, त्यात काय लिहायचं. घोरते असं हे म्हणतात, पण ते स्वतः इतके घोरतात की त्यांचं कोण ऐकतंय. गोळ्या: थायरॉइडची आणि कॅल्शियमची.

पांथस्थ
+१, हेच तर मी विचारत होतो.

निवृत्त_सिस्टर
दोन्ही गोळ्या एकदम घेता?

रेवती_इंदिरानगर
हो, सकाळी. डबीच्या एका खणात दोन्ही बसतात, बस पकडायच्या आधी एका घोटात संपवते.

निवृत्त_सिस्टर
मग थकव्याचं निदान एक कारण तिथे असू शकतं. कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, मध्ये चार तास तरी हवेत. थायरॉइडची उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा-नाश्ता अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. डॉक्टरांना हे सांगा आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करा. हिमोग्लोबिन, बी-१२ झालं नसेल तर तेही.

घामासाठी मात्र या व्यायामावर भिस्त ठेवू नका. त्याचे उपाय वेगळे आहेत, गायनॅककडे तो विषय स्वतःहून काढा. आणि घोरण्याचं हसण्यावारी नेऊ नका. पाळी गेल्यावर बायकांमध्येही झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण वाढतं, मग कितीही झोपलं तरी माणूस दमलेलाच उठतो.

सातपूरकर
अश्वगंधा घ्या, घोरणंही जातं.

निवृत्त_सिस्टर
थायरॉइडची गोळी चालू असताना अश्वगंधा आपल्या मनाने नको. कृपा करा.

गोल्फक्लब_वॉकर
अवांतर: ट्रॅकवर रविवारी पाय ठेवायला जागा नसते. अर्धे लोक दोन फेऱ्या मारून मिसळीला जातात.

मीना_कॉलेजरोड
आणि तर्री दोनदा मागून घेतात.

रेवती_इंदिरानगर
दोन डॉक्टर झाले, गोळ्या एकत्र घेते का हे एकानेही विचारलं नाही. असो. आज बँकेतून आल्यावर खुर्चीत करून पाहिलं. खांदे कानांपर्यंत उचलून सोडले, तर ते नेहमीपेक्षा बरेच खाली गेले. म्हणजे दिवसभर मी ते वरच धरून बसते की काय! पोटरीत गोळा आला नाही. पण चेहऱ्याचं कसं करायचं? दात आवळले की कानशिलं दुखतात.

निवृत्त_सिस्टर
दात आवळूच नका. भुवया वर, सोडा. डोळे घट्ट मिटा, सोडा. जबडा नुसता सैल, ओठ मिटलेले पण दात एकमेकांना न टेकलेले. तरी दुखलं तर चेहरा वगळा, मानेवरून थेट श्वासावर या.