फोनला अजून वाटतंय मी रामबागेतच राहते

रामबागची_सून | १७ तारीख, रात्री ११.४०

आधी सगळं सांगते, मग विचारते. कारण ज्याला ज्याला अर्धवट सांगितलं त्यानं "बंद करून चालू करा" एवढंच सांगितलं.

मी घरून हिशेबाची कामं करते. इंदूरच्या सियागंजातले नऊ आणि मालगंजातले पाच, असे चौदा व्यापारी. किराणा, सुकामेवा, एक पापडवाला. त्यांची बिलं लावायची, जीएसटीचे रिटर्न भरायचे. चौदाही जणांचे पासवर्ड माझ्या आयफोनमध्ये साठवलेले आहेत. कागदावर एकही नाही. (हो, माहीत आहे. बोलू नका.)

मागच्या महिन्याच्या शेवटी आम्ही रामबागेतला वाडा सोडला. आजेसासऱ्यांनी घेतलेला वाडा, आता बिल्डरला दिलाय. नवं बांधून होईपर्यंत निपानियाला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आठव्या मजल्यावर. सामान बांधताना पाटा-वरवंटा न्यायचा की नाही यावर सासूबाईंचं आणि माझं एकमत होईना, म्हणून तो तात्पुरता ओट्यावर ठेवला. वरवंट्याला कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागला, तो गडगडत खाली आला, आणि खाली माझा फोन चार्जिंगला. काच वरच्या कोपऱ्यात तडकली. बाकी सगळं ठणठणीत, फक्त चेहरा ओळखणारा फेस आयडी गेला. म्हटलं जाऊ दे, पासकोड आहेच की.

इथून भानगड सुरू.

११ तारखेला, म्हणजे जीएसटीआर-१ हा विक्रीचा रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, मी सियागंजात सुकामेव्याच्या एका गोदामात बसले होते. बदामाच्या पोत्यावर लॅपटॉप, समोर शेठजी. पासवर्ड उघडायला फोन घेतला तर तो म्हणतो चेहरा दाखवा. दाखवला. चेहरा ओळखायचा डोळाच फुटलेला, तो काय बघणार! नेहमी अशा वेळी खाली पासकोडचा पर्याय येतो, तो येईचना. दहा वेळा केलं. शेठजी दर पाच मिनिटांनी, "भाभी, हो गया क्या?" शेवटी 'पासवर्ड विसरलो'वर जावं लागलं. त्याचा ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो त्यांच्या मुलाकडे, आणि मुलगा उज्जैनला एका लग्नात. वरातीत नाचणाऱ्या माणसाला ओटीपी विचारून बघा एकदा. रात्री पावणेअकराला रिटर्न गेला.

घरी आले, तिथेही तेच. मग पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, ते चोरीपासून वाचवायचं सेटिंग आहे, दिवाळीत मीच तर चालू करून दिलं होतं. घरी असलात की काही त्रास नाही देत ते."

मी म्हटलं, अरे मी घरीच बसलेय.

"कुठल्या घरी?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फोनच्या लेखी माझं घर अजून रामबागच आहे. निपानियाला मी परकी.

बरं, सेटिंग बंद करावं तर त्यालाही चेहराच लागतो. त्यातही एकदा दाखवून भागत नाही. तासभर थांबायचं आणि पुन्हा दाखवायचा. दुरुस्तीवाल्याकडे गेले तर तो म्हणतो आधी 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) आणि हे सेटिंग बंद करून आणा, मग फोन उघडतो. म्हणजे सेटिंग बंद करायला चेहरा हवा, चेहऱ्याला दुरुस्ती हवी आणि दुरुस्तीला सेटिंग बंद हवं. विहिरीत दोरी पडलीय आणि ती काढायला दुसरी दोरी आणा म्हणतात, तीही त्याच विहिरीतली.

नवीन घर म्हणजे घर, हे फोनला हातानं सांगता येतं का? नसेल तर तो किती दिवसांत आपणहून शिकतो? आणि चेहरा नसताना हे सेटिंग निघतं कसं? २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याच्या कराचा रिटर्न आहे. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये दंड, आणि तो कुणाच्या खिशातून जाणार हे सांगायला नको.

---

शंभर_पानी_वही | १८ तारीख, सकाळी ६.०५

ताई, मी सकाळी लवकर उठणारा पेन्शनर, म्हणून पहिला नंबर माझा. सगळे पासवर्ड वहीत लिहावेत. माझी आजी दुधाचा हिशेब मोडीत लिहायची. तिच्या माघारी ती वही घरात कुणालाच वाचता आली नाही, दूधवाल्यालाही नाही. याला म्हणतात सुरक्षा! तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नाही.

---

तुकोगंजचा_नेटवाला | १८ तारीख, सकाळी ९.२०

ताई, उपाय आहे, पण आधी एक गोष्ट. लोकेशनची हिस्ट्री पुसू नका. कुणीतरी तुम्हाला "सिग्निफिकंट लोकेशन्समध्ये जाऊन क्लिअर हिस्ट्री दाबा, म्हणजे फोन नव्यानं शिकेल" असं सांगणारच. दाबलंत की तो रामबागही विसरेल, मग कुठेच आधार उरणार नाही.

हातानं घर नोंदवायची सोय आयफोनमध्ये नाही. फोन तुमच्या जाण्यायेण्यावरून आपणच ठरवतो की ही जागा रोजची. किती दिवसांत ठरवतो याचा नक्की आकडा कुणी देत नाही, त्यामुळे २० तारखेच्या भरवशावर बसू नका. नोंदी प्रायव्हसीमध्ये, लोकेशन सर्व्हिसेसच्या अगदी तळाला सिस्टिम सर्व्हिसेसमध्ये असतात, पण तिथेही पूर्ण यादी दिसत नाही. कंपनीलासुद्धा त्या वाचता येत नाहीत, एन्क्रिप्टेड असतात. म्हणजे हेल्पलाइनला फोन करून "जरा निपानिया टाका हो" हेही जमणार नाही.

हे एवढं कडक का, तेही सांगतो. अमेरिकेत चोर बारमध्ये गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहून पासकोड बघून ठेवायचे, मग फोन लांबवायचे. पासकोड हातात असला की अकाउंटचा पासवर्ड बदलायचा, फाइंड माय बंद करायचं, आणि मालकच बाहेर. २०२३ मध्ये याच्या बातम्या झाल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये आयफोनच्या आयओएस १७.३ बरोबर स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन, म्हणजे तुमचं हे सेटिंग आलं. म्हणून ओळखीच्या जागेबाहेर अशा कामांपुरती पासकोडची किंमत शून्य केलीय. साठवलेले पासवर्ड बघायचे तर चेहरा किंवा बोटच लागतं. अकाउंटचा पासवर्ड किंवा पासकोड बदलणं, फाइंड माय बंद करणं, हे सेटिंगच काढणं, अशा मोठ्या गोष्टींना तासाची वाट आणि मग पुन्हा चेहरा. तो तास चोराला पळायला नाही, मालकाला फोन 'हरवला' म्हणून नोंदवायला दिलेला आहे.

आता तुमचं. फेस आयडी अँड पासकोडमध्ये जा, पासकोड टाका, स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन उघडून बघा. तिथे 'ऑलवेज' (सगळीकडे कडक) आहे की 'अवे फ्रॉम फॅमिलियर लोकेशन्स' (फक्त ओळखीच्या जागेबाहेर कडक)? हा फाटा १७.४ पासून आलाय. दुसरं असेल तर तुमचं नशीब चांगलं. सरळ रामबागेत जा. लोकेशन चालू ठेवा, थोडं थांबा, तिथे पासकोड चालायला हवा. 'ऑलवेज' असेल तर इथे पुन्हा लिहा, मग फोन पुसण्याशिवाय फार काही उरत नाही, आणि त्याआधी बॅकअप आणि अकाउंटचा पासवर्ड हातात हवा.

---

सुदामानगर_आबा | १८ तारीख, दुपारी १.१५

माझा सॅमसंग. अँड्रॉइडमध्ये असलंच 'आयडेंटिटी चेक' म्हणून आहे, पण त्यात भरवशाच्या जागा आपल्या आपण टाकता येतात. मी घर आणि मुलीचं घर टाकलंय. त्यामुळे ताईंची अडचण मला आली नसती, असं जरा मिशीवर ताव देऊन सांगतो.

मात्र माझं दुखणं वेगळं. याच फोनात दुसरं एक आहे, हातातून फोन हिसकावून कुणी पळालं तर त्या झटक्यावरून ओळखून पडदा कुलूपबंद करतं. आमचा नातू साडेचार वर्षांचा. मी व्हिडिओ कॉलवर बोलत असलो की फोन ओढतो आणि बाल्कनीकडे धूम. फोन लॉक! परवा व्याही बिचारे "हॅलो, हॅलो" करत राहिले. नातवाला मात्र कळलंय की पळालं की फोन बंद होतो, आता तो त्याचसाठी पळतो.

---

गेरमध्ये_गेला | १८ तारीख, रात्री १०.५०

ताई, तुमचा त्रास कळतोय, पण मी सेटिंगच्या बाजूनं.

दोन वर्षांपूर्वी रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे आपल्या इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर होतो. तोंडावर इतका गुलाल की फोन काय, बायको ओळखत नव्हती. फेस आयडी चालेना, म्हणून गर्दीत उभा राहून दर दोन मिनिटांनी पासकोड टाकत होतो, फोटो काढायचे ना. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, म्हणून आकडे अगदी सावकाश, एकेक दाबून. मागच्यानं आरामात वाचले असणार. पाण्याच्या टँकरची धार अंगावर आली, सगळे एकमेकांवर पडले, उठलो तर गळ्यात नुसती दोरी.

तेव्हा हे प्रोटेक्शन मी चालू केलेलं नव्हतं. घरी पोचून लॅपटॉपवर बघेपर्यंत माझ्याच अकाउंटचा पासवर्ड बदललेला. मुलीचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो त्यात होते, ते गेले ते गेलेच.

पुढचं सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. आधी बँकेला फोन करून यूपीआय बंद केलं. मग पोलिसात तक्रार, मग संचार साथीच्या सीईआयआरवर (चोरीचे फोन बंद करायची सरकारी सोय) आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, ब्लॉक. तिथे ओटीपी लागतो, म्हणून डुप्लिकेट सिम काढलं, तर नव्या सिमवर २४ तास एसएमएसच येत नाहीत. मी वेड्यासारखा 'रीसेंड' दाबत बसलो होतो. वहिनीचा नंबर देऊन काम झालं. आयएमईआय बिलावर असतो, बिल सापडलं म्हणून वाचलो. तुम्ही आत्ताच *#०६# दाबून तो कुठेतरी लिहून ठेवा. शंभर पानी वहीतसुद्धा चालेल.

तेव्हा सेटिंगला शिव्या घाला, पण दुरुस्ती झाल्यावर परत चालू करा.

---

रामबागची_सून | १९ तारीख, सकाळी ११.१०

झालं!

नेटवाले दादा, माझ्यात 'अवे' वालंच निघालं. आज सकाळी साडेसहाला स्कूटर काढली. मजूर यायच्या आत पोचायचं होतं. वाड्याला समोरून पत्रे लावलेत, दरवाजा उतरवून नेलाय, रस्त्याकडचा कट्टा तेवढा शाबूत. त्यावर बसले आणि पासवर्ड उघडले. चेहरा मागितला. माझ्या पोटात गोळा. म्हटलं पाडलेलं घर यालाही कळलं की काय.

दादांनी थांबा म्हटलं होतं म्हणून बसून राहिले. समोरच्या काकू दार उघडून बघून गेल्या, पुन्हा आल्या. पुन्हा एकदा केलं, चेहराच. मग पत्र्याच्या फटीतून आत गेले. आत नुसता विटांचा ढीग, माजघर कुठलं आणि चौक कुठला तेही कळेना. नळाच्या पाइपवरून अंदाज घेतला आणि जिथे मोरी होती, म्हणजे तिच्या शेजारी माझा स्वयंपाकाचा ओटा, तिथे उभी राहिले. लोकेशनची बारीक खूण वर आली. पासवर्ड दाबला आणि खाली पासकोडची चौकट! सहा आकडे टाकले, चौदाच्या चौदा पासवर्ड समोर. आत गेल्यामुळे झालं की तोवर वेळ गेला होता म्हणून, देव जाणे.

आधी सेटिंग बंद केलं. मग तिथेच विटांवर बसून सगळे पासवर्ड उतरवून घेतले. पेन होतं, वही नव्हती. पर्समध्ये वाण्याची यादी होती, तिच्या पाठीमागे लिहिले. वही आजोबा, जिंकलात.

बाहेर आले तर काकू चहा घेऊन उभ्या. त्यांना वाटलं माझी काही वस्तू आत राहिली म्हणून मी शोधतेय. मी म्हटलं, फोनचं काम होतं. त्या म्हणाल्या, "का गं, निपानियाला नेटवर्क नाही का?" हो म्हटलं आणि चहा प्यायले. एवढं सगळं कोण समजावणार.

३बी आज रात्रीच भरून टाकते, उद्याची वाट बघत नाही. फोन सोमवारी दुरुस्तीला.

---

तुकोगंजचा_नेटवाला | १९ तारीख, सकाळी ११.३२

भारी. ती वाण्याची यादी मात्र सांभाळा, दुकानात देऊ नका.

---

रामबागची_सून | १९ तारीख, सकाळी ११.३५

अरे देवा. सासूबाई आत्ताच पिशवी घेऊन खाली गेल्यात. आलेच.