बी-२०४ चा सायरन

सचिव, ए-१०१: नमस्कार मंडळी. काल रात्री दोनच्या सुमारास बी-२०४ या बंद फ्लॅटच्या चोरीच्या अलार्मचा सायरन वाजू लागला. वॉचमन वर जाऊन आला, कुलूप शाबूत आहे, खिडक्याही बंद. पण चावी इथे कुणाकडेच नाही, त्यामुळे तो आपोआप थांबेपर्यंत सगळी बिल्डिंग जागी.

बी-१०३: आमच्या सासूबाई हार्टच्या पेशंट आहेत. फार घाबरल्या हो. भाऊजी, काहीतरी बघा.

बी-२०४ (डोंबिवली): वहिनी, आईंना त्रास झाला, खूप वाईट वाटलं. मला फोनवर साधा मेसेजही आला नाही. गणपती आटोपून निघताना सगळं बघून निघालो होतो. गॅस बंद, मेन बंद, अलार्म चालू.

ए-३०२: भाऊ, मेन बंद ना, तिथेच सापडलं. वीज नसली की पॅनल, म्हणजे अलार्मचा मुख्य डबा, आतल्या बॅटरीवर चालतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची ती बॅटरी दोन दिवस टिकेल, फार तर तीन-चार. ती उतरली की पॅनल झोपला, मेसेज पाठवणारं सिमचं मॉड्यूलही झोपलं. मेसेज कोण पाठवणार? बाहेरच्या सायरनला मात्र बहुतेक वेळा स्वतःची छोटी बॅटरी असते. पॅनलकडून येणारा पुरवठा तुटला की तो वाजतो. चोराने वायर कापली तर कळावं म्हणून केलेली सोय आहे ती.

बी-२०४ (डोंबिवली): पण विजा केवढ्या कडाडतात आपल्याकडे! म्हणून आम्ही कायम मेन पाडूनच निघतो.

ए-३०२: ती भीती खरी आहे. पण पॅनलला वेगळा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा छोटा स्विच, घ्या, तेवढाच चालू ठेवा आणि बाकी घर खुशाल बंद करा. सोबत विजेच्या झटक्यापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर लावा, अर्थिंग तपासून घ्या. आताची बॅटरी बहुधा बदलावीच लागेल. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण उतरून तशीच पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, मग ती पुन्हा नीट चार्ज होत नाही. एरवीही तीन ते पाच वर्षांनी बदलायचीच.

ए-२०१: काका, आमचा तर घरात माणसं असूनही अधूनमधून वाजतो.

ए-३०२: हॉलच्या कोपऱ्यातला सेन्सर बघ. तो उष्णतेची हालचाल टिपतो. त्याच्या पुढच्या भिंगावर पाल फिरली, कोळ्याने जाळं केलं, आत मुंग्या शिरल्या, तरी त्याला माणूस आल्यासारखं वाटतं. कोरड्या मऊ फडक्याने पुस, त्यावर कीटकनाशक मारू नकोस. दाराचा मॅग्नेटही बघ. पावसात लाकूड फुगतं, दार पूर्ण बसत नाही, मॅग्नेट आणि स्विच यांच्यात फट पडते आणि अलार्मला दार उघडल्यासारखं वाटतं. मांडवीच्या समुद्राकडे उघडणाऱ्या खिडक्यांवरच्या स्विचचे स्क्रू तर खाऱ्या वाऱ्याने हिरवे पडतात. पावसाळा संपला की ते एकदा साफ करून घ्यायलाच हवेत. शहरातून आलेला टेक्निशियन हे सांगत नाही, कारण त्याच्याकडे खारा वारा नाही.

ए-२०१: आणि सिम?

ए-३०२: रिचार्ज संपू देऊ नकोस. बरेच दिवस वापर नसला तर कंपनी नंबर बंद करू शकते. जुनी मॉड्यूल टूजीवर चालतात, त्यात जिओचं सिम चालणार नाही.

बी-१०३: मेन चालू ठेवला आणि वीजच गेली तर?

ए-३०२: बरोबर विचारलंत. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेवढं कुठलीच बॅटरी पुरत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की बंद फ्लॅटची चावी इथल्या कुणाकडे तरी हवी. त्या माणसाला अलार्म बंद करायचा आपला कोड देऊ नका, पॅनलमध्ये त्याच्यासाठी वेगळा कोड घाला. काम झालं की काढून टाकता येतो.

बी-२०४ (डोंबिवली): वहिनी, चावी तुमच्याकडे ठेवली तर चालेल?

बी-१०३: चालेल की! पण रात्री एकटी वर जाणार नाही हं.

ए-३०२: जायचंच नाही. दार फोडलेलं दिसलं तर आत पाऊल टाकू नका, खाली या आणि ११२ लावा. कुलूप शाबूत असेल तर वॉचमनला बरोबर घेऊन उघडा.

सचिव, ए-१०१: ठरलं. ज्यांचे फ्लॅट बंद असतात त्यांनी चावी कुणाकडे आहे ते मला खासगीत कळवा, ग्रुपवर टाकू नका. रविवारी सकाळी ११ ते १२ सगळ्यांनी आपापला अलार्म वाजवून बघायचा. बी-१०३, आईंना आधी सांगून ठेवा.