हरिहरच्या कातळपायऱ्या : घाबरणाऱ्या मित्राला न्यावे काय?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर) :
आम्ही सहा मित्र डिसेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातील हरिहर किल्ला चढणार आहोत. समृद्धी महामार्गाने इगतपुरीजवळ उतरून घोटीमार्गे निरगुडपाडा गाठायचा, एवढे ठरले आहे. अडचण एका मित्राची आहे. नागद्वारच्या यात्रेत लोखंडी शिडीवर मधोमध त्याचे पाय लटपटू लागले आणि मागची सगळी रांग खोळंबली. तो स्वतः येण्यास उत्सुक आहे. जवळजवळ ऐंशी अंशांत उभ्या असलेल्या त्या पायऱ्यांवर त्याला न्यावे काय, आणि न्यायचे झाल्यास कसे?

उत्तर (नाशिक) :
चढताना नजर समोरच्या कातळावर असते आणि प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना हात रोवण्यासाठी खोबणी कोरलेल्या आहेत. असंख्य हातांनी गुळगुळीत झालेल्या त्या खोबणीत बोटे नीट बसली की निम्मी धास्ती ओसरते. खरी कसोटी उतरताना लागते. पाठ दरीकडे आणि तोंड कातळाकडे ठेवून, शिडी उतरतो तसेच उतरावे, आणि एक हात किंवा एक पाय हलवताना उरलेले तीन आधार सोडू नयेत. मित्राला मधे ठेवा. त्याच्या खाली अनुभवी माणूस असावा आणि त्याने पुढची पायरी कुठे आहे ते तोंडाने सांगत राहावे. त्याचा पाय हाताने धरून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यात दोघांचाही तोल जाऊ शकतो.

पहिला दरवाजा ओलांडला म्हणजे संपले, असे समजू नका. पुढे कातळात खोदलेल्या बुटक्या वाटेने वाकून जावे लागते, एका बाजूला दरी असते, आणि त्यानंतर पुन्हा खड्या पायऱ्या लागतात. मला स्वतःला तोच टप्पा अधिक अवघड वाटला.

उत्तर (महाल, नागपूर) :
माझे मत थोडे निराळे आहे. सरावासाठी रामटेकला चढाल, तर दम वाढेल, पण उघड्या कड्याची भीती तेथे कळणार नाही. त्यामुळे निर्णय पायऱ्यांच्या तळाशीच घ्या, आणि त्याने नको म्हटल्यास त्याच्यासोबत कोण थांबणार, हे नागपुरातून निघण्यापूर्वीच ठरवा. ऐन वेळी कोणीच थांबायला तयार नसते आणि बिचारा भिडेपोटी चढतो. शिवाय रात्रभर गाडी चालवून सकाळी थेट चढू नका. त्र्यंबकेश्वरला एक मुक्काम करा.

प्रश्नकर्ता :
सोबत थांबण्याचे मीच कबूल केले आहे. शनिवार-रविवार चालेल काय?

उत्तर (नाशिक) :
शक्यतो टाळा. चढणारे आणि उतरणारे यांची वाट एकच असल्याने गर्दीत माणूस मधल्या पायरीवर बराच वेळ ताटकळतो, आणि घाबरणाऱ्याला नेमके तेच सोसत नाही. मधल्या वारी उजाडताच चढायला लागा. पाठपिशवी लहान व अंगाला घट्ट असू द्या. माझी एका पट्ट्यावर लोंबकळणारी पिशवी कातळाला अडकली आणि बाजूच्या कप्प्यातील बाटली निसटून खाली गेली. सुदैवाने तेव्हा खाली कोणी नव्हते. खाण्याच्या वस्तू हातात दिसू देऊ नका, वरची माकडे पिशवीच ओढतात.